भगरीची पंगत

त्या दुपारी आमच्या ओसरीवर दोन पाहुणे पाठोपाठ आले, आणि दोघांनी मिळून माझ्या लग्नाचं वाटोळं करायचं तेवढं बाकी ठेवलं.

पहिले आले ते बाळकोबा मंगळवेढेकर, माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे चुलते. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर उपरणं, आणि बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याने पुढे वाकावं. ते टेकतात न टेकतात तोच दारात जीप थांबली आणि पुरवठा निरीक्षक नलावडे उतरले. तरुण होते, साताऱ्याकडून नवीनच बदलून आलेले. त्यांनी पायरीवरच बूट काढले, हे मला आवडलं. पुढचं काहीच आवडलं नाही.

मी आणि आई स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभ्या होतो. लग्न आठवड्यावर आलं होतं.

"वकीलसाहेब, माझा नाइलाज आहे," नलावडे म्हणाले. "वरून हुकूम आहे. कुठल्याही समारंभात पन्नासच्या वर माणसांना धान्याचा पदार्थ वाढायचा नाही. भात, पोळी, वरण, बुंदी, काही नाही. तुमच्याकडं गावजेवणाचा बेत आहे अशी तक्रार आलीय."

"तक्रार कुणाची?" वडिलांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही मला."

"नका सांगू. मला माहीत आहे."

माझे वडील त्र्यंबकराव आष्टीकर. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. तिथे त्यांना लहानथोर सगळे अण्णाच म्हणत. वकिली दिवाणीची करायचे, पण संध्याकाळी ओसरीवर दिल्लीवर रोज फौजदारी चालायची. आरोपी गैरहजर असल्यामुळे निकाल नेहमी अण्णांच्या बाजूने लागायचा. सहासष्ट साल होतं. पाऊस दगा देऊन गेलेला, रेशनच्या दुकानावर अमेरिकेचा लाल मिलो मिळत होता, त्याच्या भाकरी थापताना आई बोटं मोडायची. आणि शेजारच्या जिल्ह्यात ज्वारी पडून असली तरी ती इकडे आणायला बंदी. "ज्वारीला पासपोर्ट लागतो आता," अण्णा म्हणायचे. "हजार वर्षं दुष्काळ पडतायत या मुलखात. धान्याची पेवं होती, बलुतं होतं, देवस्थानाची कोठारं होती. ती मोडलीत, आणि त्या जागी काय दिलंत? एक कारकून आणि एक शिक्का."

मी सोलापूरला राहून बी. ए. झालेली. मला योजना, धरणं, पोलादाचे कारखाने यांचं मोठं कौतुक. "अण्णा, तुम्हाला जुनं ते सोनं," असं मी म्हणायची. ते म्हणायचे, "सोनं आहे की पितळ ते घासून बघावं गं. हे न घासताच फेकतात." आमचं भांडण रोजचं होतं आणि दोघांनाही त्याच्याशिवाय जेवण जात नसे. फक्त सोमवारी रात्री भांडण व्हायचं नाही, कारण सोमवारी रात्री अण्णा जेवतच नसत. मागच्या वर्षापासून त्यांनी हे काय धरलं होतं, मी विचारलं की "पोटाला विश्रांती" एवढंच सांगत.

पण त्या दुपारी मी पडद्याआडून त्यांचा चेहरा पाहिला आणि भांडण विसरले. कारण गावजेवण हा अण्णांचा बडेजाव नव्हता. तो त्यांचा शब्द होता.

अण्णा नऊ वर्षांचे असताना प्लेगमध्ये आईबाप गेले. आष्टीहून हे पोर शिकायला या गावात आलं ते वार लावून जेवायचं म्हणून. सात घरं, सात वार. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, अशी सात वर्षं. ज्यांच्याकडे जेवण त्या काळी चालत नसे त्यांनीही हात आखडला नाही. कुणी कंदिलाला तेल दिलं, शिंप्यांनी सदरे शिवून दिले, तांबोळ्याच्या म्हातारीने तापात रात्र उशाशी बसून काढली. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी अण्णा पेढे वाटायला फिरले, आणि पेढ्यांना पैसे नव्हते म्हणून प्रत्येक उंबऱ्यावर गूळ ठेवून म्हणाले, "माझ्या घरचं पहिलं कार्य होईल तेव्हा गावाने माझ्या पानावर जेवायला यायचं." पुढे संसार झाला. पोरं झाली, जगली ती मी एकटी. म्हणजे पहिलं कार्य तेच आणि शेवटचंही तेच. सात घरांतली दोन माणसं वाट बघून देवाघरी गेलेली.

"पन्नास म्हणजे वराकडचेच होतील," अण्णा सावकाश म्हणाले.

"होय साहेब. आणि मोडलं तर अन्न जप्त करून पंचनामा करावा लागंल. तुम्ही वकील. सनदेचा प्रश्न यायचा."

"हुकूम मोडणार नाही मी. शुद्ध मूर्खपणाचा आहे, पण हुकूम आहे. कायद्यावरच पोट भरतो मी, ताटात थुंकणार नाही."

इतका वेळ गप्प बसलेले बाळकोबा तेव्हा खाकरले. "वकीलसाहेब, अवघड वेळी अवघड बोलतोय, माफ करा. मी वेगळ्याच कामाला आलो होतो. तुमच्या जोशीबुवांनी मुहूर्त धरलाय ना, त्या दिवशी एकादशी आहे."

"एकादशी आदल्या दिवशी. आम्ही बघूनच धरलाय."

"ती तुमची. आमची दुसऱ्या दिवशी."

आईने माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला. झालं होतं ते असं. कधी कधी पंचांगात एकादशी दोन दिवस लिहिलेली असते. पहिली आमच्यासारख्या साध्या गृहस्थांची, दुसरी भागवतांची, म्हणजे माळकऱ्यांची. जोशीबुवांनी आमची तेवढी टाळली, आणि व्याही भागवत आहेत हे साफ विसरले. तिकडे बाळकोबांनीही मुहूर्ताची वेळ पाहून मान डोलावली होती, तिथीकडे बघायचं राहून गेलं होतं. चूक दोन्हीकडून निम्मी निम्मी.

"पुढचा मुहूर्त वैशाखात," बाळकोबा म्हणाले. "मुलीच्या हळदीचा दिवस ठरलेला, तो मोडायचा नाही आम्हाला. आम्ही सगळे येऊ. आनंदाने लग्न लावू. पण आमच्याकडचं लेकरूसुद्धा त्या दिवशी धान्याच्या कणाला शिवत नाही. तेव्हा पंगतीला आमची पानं मांडू नका. पाणी पिऊन निघू. मनात काही आणू नका."

अण्णांनी डोळे मिटले. एक सरकारी माणूस सांगत होता की गावाला जेवू घालू नका, आणि एक देवमाणूस सांगत होता की वऱ्हाड जेवणार नाही. वऱ्हाड उपाशी गेलं म्हणजे मुलीच्या बापाला उभ्या जन्माची मान खाली.

आणि मला हसू फुटलं. आई मला चिमटे काढत होती, पण मला ते आवरेना. मी तोंडाला पदर लावला, चहाचे कप उचलले आणि नवरी मुलगी बाहेर येत नाही हे विसरून ओसरीवर गेले. बाळकोबांना वाकून नमस्कार केला, नलावड्यांच्या हातात कप दिला.

"साहेब, एक विचारू? साबुदाणा धान्यात येतो का हो?"

"साबुदाणा?" नलावडे गोंधळले. "नाही बुवा. कंदाचा असतोय तो."

"रताळी? बटाटे? शेंगदाणे?"

"त्याला कुठनं बंदी असंल, ताई? बंदी धान्याला आहे."

"मग ते किती माणसांना वाढता येतं?"

"त्याला काय मर्यादा नाही. हजार जेवू द्यात की."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. समोरच्या बाजूचा साक्षीदार कोर्टात आपल्याला हवं ते बोलून गेला की ते असं करत. माझ्याकडे पाहिलं, मग बाळकोबांकडे पाहिलं, आणि अतिशय नम्रपणे नलावड्यांना म्हणाले, "हुकूम समजला, साहेब. तंतोतंत पाळू."

जीप गेली तसे अण्णा उठून बाळकोबांच्या पाया पडले. व्याह्याच्या पाया मुलीचा बाप पडतोच, पण असा हसत हसत पडलेला मी दुसरा पाहिला नाही.

---

आईला मात्र हे काही केल्या पचेना.

"लग्नाला उपासाचं? लोक तोंडात शेण घालतील. हे लग्न आहे की प्रायश्चित्त?"

"अगं, एकादशीला हजार माणसांना फराळ. पुण्य किती लागेल हिशोब कर."

"पुण्याने का पान भरतं? जिलबी नाही, मठ्ठ्याबरोबर भात नाही. आणि आपली आदल्या दिवशीची एकादशी झालेली. म्हणजे आपण लागोपाठ दोन दिवस भगर गिळायची?"

"देशासाठी गिळ."

"देशाला काय झालंय मेल्या? तुम्हाला झालंय!" आई म्हणाली. रागाच्या भरात नवऱ्याला 'मेल्या' म्हणून गेली आणि स्वतःच जीभ चावून हसली. तिथे ती हरली.

आचारी नरसूभटांनीही आधी आढेवेढे घेतले. चाळीस वर्षं पंगती उठवलेला माणूस, वरणभाताशिवाय पान म्हणजे त्यांना कुंकवाशिवाय कपाळ वाटे. पण अण्णांनी म्हटलं, "जमणार नसेल तर बार्शीहून माणूस आणतो," आणि भट पेटले. भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याच्या पुऱ्या, काकडीची कोशिंबीर, आणि गोडाला गुळाच्या पाकातले रताळ्याचे काप. साखरेला परवाना लागत होता, गुळाला नाही. मोतीलाल मारवाड्याने भगरीचं कोठार रिकामं केलं. दाण्याचं कूट करायला गावाने वाटून घेतलं. सकाळपासून आळीआळीतून उखळांचे आवाज यायला लागले. बंदीची बातमी एव्हाना सगळीकडे झाली होती, त्यामुळे दाणे कुटताना बायकांच्या हाताला जरा जास्तच जोर होता.

आमंत्रणाचं एकच घर राहिलं होतं, बुधवारचं.

बुधवारी अण्णा जवळगीकरांकडे जेवत. गोदाकाकू जवळगीकर तेव्हा तिशीतल्या होत्या, आणि त्यांचा विश्वास पाळण्यातून नुकताच उतरलेला. विश्वास पहिला घास अण्णांच्या ताटातला खायचा, असं काकूच सांगत. तोच विश्वास आता विश्वासराव झाला होता, सत्ताधारी पक्षाचा तालुक्याचा अध्यक्ष. दिल्लीहून काही निघालं की गावात पहिली टाळी त्यांची. महिन्यापूर्वी त्यांच्या पुतण्याचं लग्न झालं, तेव्हा हुकूम होताच. जिलब्यांचे घाणे दोन दिवस चालले. कुणी विचारलं तर उत्तर होतं, ते कार्यकर्त्यांचं शिबिर आहे. नवरदेवही कार्यकर्ता होता, त्यामुळे खोटं म्हणता येत नव्हतं.

त्या शिबिरावर अण्णांनी ओसरीवर जाहीर खटला चालवला होता. तक्रार कुणाची हे त्यांना न सांगता कळलं होतं ते असं.

तरीही अक्षत घेऊन ते त्यांच्या घरी गेले. मी बरोबर होते. विश्वासराव सोफ्यावरून उठले नाहीत.

"अण्णा, तुम्ही ओसरीवर बसून सरकारला शिव्या घालता, आणि आता पळवाट काढून सरकारचं हसं करता. देशात टंचाई आहे. नेते रात्रंदिवस एक करतायत. तुमच्यासारखी जुनी माणसं पानाफुलात अडकलीत."

"विश्वास, राजकारण ओसरीवर. मी बुधवारच्या घराला बोलवायला आलोय."

"मी येईन," विश्वासराव म्हणाले. "पण पानावर बसायला येईन असं समजू नका."

गोदाकाकू आतून काठी टेकत आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, नजर मंद, पण कान तिखट. त्यांनी लेकाकडे पाहिलं आणि अक्षत पदराच्या गाठीत बांधली. मला विश्वासरावांचा इतका संताप आला होता की मी घरी आल्यावर लग्नासाठी गुंफून ठेवलेली माझी स्वतःचीच मुंडावळी धरून ओढली आणि तोडली. आईने ती दोरा घालून पुन्हा गुंफली.

---

लग्न सकाळी लागलं. अक्षता पडत असतानाच नलावडे हवालदाराला घेऊन मांडवात शिरले. हवालदाराने खाली पडलेले तांदूळ पाहिले आणि कुजबुजला, "साहेब, हे तांदूळ."

"खायला न्हाईत ते," मागून नरसूभट ओरडले. "डोस्क्यावर टाकायचेत. जप्त करायचे तर नवरानवरी पण घ्या संगं!"

मांडवभर हशा उठला. नलावडे लाजले, पण गेले नाहीत.

पंगती कापसाच्या जिनिंगच्या आवारात मांडल्या होत्या. पत्रावळींच्या लांबच लांब रांगा. पहिल्या पंगतीला वऱ्हाड आणि सात घरं, त्यांच्यामागे तेल देणारे, सदरे शिवणारे, तांबोळ्यांची सगळी भावकी. जी दोन माणसं वाट बघून गेली त्यांच्या जागी त्यांच्या सुना बसल्या होत्या. बायकांच्या रांगेत सुरुवातीलाच गोदाकाकू. त्या लेकाला न विचारता, नातवाची सायकल पुढे घालून, मागे काठी टेकत आल्या होत्या.

वाढप झालं. अण्णा हात जोडून म्हणाले, "सावकाश होऊ द्या." आणि विश्वासराव आले. पांढरी टोपी, मागे चार माणसं. ते सरळ भगरीच्या पातेल्याकडे गेले आणि झाकण उचललं.

"नलावडेसाहेब, इकडे या. हे काय आहे?"

"भगर आहे."

"भगर कुठे येते? झाडाला?"

"शेतात येतीय, साहेब."

"कणसाला येते. मळतात, कांडतात, दळलं तर भाकरी होते. मग धान्य नाही तर काय आहे? साबुदाणा म्हणून परवानगी घेतली आणि पाचशे लोकांना धान्य वाढलं. करा पंचनामा."

घास हातात धरलेले हात पत्रावळीवर थांबले. मी हळदीच्या अंगाने मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. भगरीचं नाव त्या दुपारी मी घेतलंच नव्हतं. साबुदाणा, रताळी, बटाटे, दाणे, सगळं विचारलं आणि पानावर जी सगळ्यात जास्त वाढायची तीच राहिली. आमच्या घरात कुणाला ती धान्य वाटतच नव्हती तर विचारणार कोण? नलावड्यांनी खिशातला कागद काढला, वाचला, पुन्हा घडी केला. त्यात भगरीचं नाव होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. त्यांच्या कपाळावर घाम मात्र मी पाहिला.

"साहेब म्हणतात त्यात तथ्य आहे," ते पुटपुटले.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "ठीक आहे. पंगत उठवतो मी. फक्त एक करा. भगर हे धान्य आहे, असं सरकारच्या वतीने इथे मोठ्याने सांगा. म्हणजे या सगळ्या मंडळींना कळेल की त्यांची आजपर्यंतची प्रत्येक एकादशी मोडलेली आहे."

"भलतंच काय!" विश्वासराव म्हणाले.

"भलतं कसं? दिल्लीने देवाचंही खातं हातात घेतलंय, एवढंच लोकांना सांगा."

"विश्वास!"

आवाज बायकांच्या रांगेतून आला. गोदाकाकू बसल्या जागेवरून उठत नव्हत्या, नुसती काठी त्यांनी जमिनीवर आपटली.

"विश्वास, मी लग्न होऊन आले तेव्हापासून एकादशी धरते. ह्यांची एक आणि त्यांची एक, दोन्ही धरते. देवाच्या दप्तरात कुठली लिहितात कुणास ठाऊक, म्हणून. दोन्हीला भगर खाते. तू पोटात होतास तेव्हा खाल्ली, तुझे वडील गेले त्या एकादशीलाही खाल्ली. मी धान्य खाल्लं?"

"आई, तसं नाही. हा कायद्याचा..."

"मी धान्य खाल्लं का, एवढं सांग. सगळ्यांच्या देखत सांग."

विश्वासरावांनी टोपी सारखी केली. त्यांनी नलावड्यांकडे पाहिलं. नलावडे जोड्यांकडे बघत होते. त्यांनी मागच्या चार माणसांकडे पाहिलं, तर त्यातल्या दोघांनी केव्हाच एकेक पत्रावळ बळकावली होती.

"नाही," विश्वासराव म्हणाले.

"मोठ्याने."

"नाही, आई. भगर धान्य नाही."

आवारात अशी काही आरोळी उठली की जिनिंगच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. तांबोळ्यांच्या बाजूने शिट्टी वाजली. बाळकोबांनी, ज्यांचा आवाज ऐकायला पुढे वाकावं लागायचं, त्या बाळकोबांनी "पुंडलिक वरदा" असा ललकारा दिला की माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडत होते. नवरीने ओरडू नये हे मला आईने नंतर सांगितलं, पण ती स्वतः ओरडत होती.

अण्णा विश्वासरावांजवळ गेले आणि त्यांचा हात धरला. "ये. तुझं पान मांडलंय. रिकामंच ठेवलं होतं." गोदाकाकूंच्या समोर, पुरुषांच्या रांगेत, खरंच एक पत्रावळ रिकामी होती. विश्वासराव क्षणभर ताठ उभे राहिले. मग त्यांनी जोडे काढले.

नलावड्यांनाही बसवलं. दोनदा भगर आणि तीनदा रताळ्याचे काप खाल्ल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "वकीलसाहेब, मला अहवाल द्यायचाय. काय लिहू?"

अण्णा या प्रश्नाची वाटच बघत होते.

"लिहा. यजमानांना पन्नास माणसांना धान्य वाढण्याची मुभा होती. ती त्यांनी वापरली नाही. पाचशे माणसं पोटभर जेवून उठली आणि देशाच्या कोठारातला एक दाणा खर्ची पडला नाही. सबब पन्नास माणसांचं धान्य सरकारजमा समजावं."

नलावडे पोट धरून हसले. अण्णा हसले नाहीत. "आणि हे लिहू नका, पण वरच्यांना कधी भेटलात तर सांगा. गेल्या वर्षी लढाईच्या दिवसांत दिल्लीहून विनंती आली होती, सोमवारची रात्र उपाशी काढा. हात जोडून मागितलं होतं. मी त्या सोमवारपासून एकदाही रात्री जेवलो नाही. लढाई संपली तरी नाही. मागणाऱ्याला या देशात कुणी नाही म्हणत नाही. सात घरांनी मला नाही म्हटलं नाही. आम्हाला उपास शिकवायला हवालदार कशाला पाठवता?"

मी खांबाला धरून हे ऐकलं. पोटाला विश्रांती म्हणे! वर्षभर मी त्यांना दिल्लीद्वेष्टे म्हणून चिडवत होते आणि ते वर्षभर दिल्लीसाठी उपाशी झोपत होते. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांतलं काजळ गालावर आलं, आणि श्रीहरी, म्हणजे आमचे हे, घाबरून विचारायला लागले, "काय झालं? घर सोडायचं म्हणून रडता का?" मी म्हटलं, "नाही. जिंकलो म्हणून."

शेवटची पंगत उठली तेव्हा उन्हं कलली होती. अण्णांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं; सगळं गाव जेवल्याशिवाय ते बसणारच नव्हते. गोदाकाकू मात्र घरी गेल्या नव्हत्या. खांबाला टेकून बसून होत्या. त्यांनी अण्णांना पत्रावळीवर बसवलं आणि स्वतः भगर वाढली, वर आमटी घातली.

"तुझ्या वाराला एकादशी आली की मला फार वाईट वाटायचं बघ," त्या म्हणाल्या. "वाढीच्या वयाचं पोर, आणि मी त्याला भगर वाढायची. अर्धपोटी उठतोयस असं वाटायचं."

"अर्धपोटी कधी उठलो नाही, काकू." "आज फिटलं का हो?"

"काय फिटलं?"

"सगळं. मी शब्द दिला होता."

म्हातारीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, पंचावन्न वर्षांच्या वकिलाच्या पांढऱ्या डोक्यावरून, आणि आणखी एक पळी भगर वाढली.

"फिटायला तू काय उसनं नेलं होतंस? जेव मुकाट्याने. आणि बुधवारी घरी ये. बुधवार तुझाच आहे."

अण्णा पुढच्या बुधवारी गेले. पानावर त्यांच्या शेजारी विश्वासराव बसले होते, आणि गोदाकाकूंनी दोघांना बजावलं की जेवताना दिल्लीचं नाव काढायचं नाही. पुढे तो हुकूम केव्हा उठला ते आम्हाला कळलंही नाही. बुधवार मात्र काकू असेपर्यंत चालू होता.